सीएसएमटीशेजारचं पोस्ट, विजापूरचा घुमट

अ-२ वहिनी: शनिवारी मुलांना घेऊन मुंबईला चाललोय. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ते म्युझियम ठरलंय. सीएसएमटीजवळ अजून काय दाखवू?

ब-४ काका: जीपीओ दाखवा वहिनी! स्टेशनाच्या अगदी शेजारी. लोक स्टेशनाचे फोटो काढतात आणि एवढा मोठा घुमट बघायचा राहून जातो.

अ-२ वहिनी: पोस्ट ऑफिस? मुलं कंटाळतील हो.

ब-४ काका: नाही कंटाळत. विजापूरचा गोलघुमट बघून आलीत की सहलीत! त्याच्यावरूनच बेतलंय हे पोस्ट. जॉन बेग म्हणून मुंबई सरकारचे वास्तुविशारद होते, त्यांचा आराखडा. काम १९०४ ला सुरू झालं, १९१३ ला संपलं, खर्च आला १८ लाखांवर. शेजारचं स्टेशन त्याच्या पंचवीस वर्षं आधीचं, ते गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय धाटणीचं. मग पोस्ट बांधताना नजर विजापूरकडं वळली. तेव्हा विजापूर, धारवाड, आपलं बेळगाव, सगळं मुंबई इलाख्यातच होतं, नंतर मुंबई राज्यात, पार १९५६ पर्यंत. आपल्या भागातल्या बांधकामाचा एवढा मान झाला, हे पोरांना कळायलाच हवं.

क-१ दादा: काका, तिथंपण गोलघुमटासारखा आवाज घुमतो काय?

ब-४ काका: ती कुजबुजीची गॅलरी विजापूरचीच खासियत रे. तो घुमट आतून सुमारे १२४ फूट रुंद, जीपीओचा ६५ फूट. म्हणजे निम्म्याच्या आसपास. खरं कामात फरक बघ. तिथं घुमटाखाली महंमद आदिलशहाची कबर, इथं घुमटाखालच्या दालनात काउंटर आणि लोकांची ये-जा. मला हे दालन फार आवडतं. आत गेलं की मान आपोआप वर जाते.

ड-३ आजी: दगड कुठला? काळाच ना?

ब-४ काका: मुख्य काळा बेसाल्ट, आजी. त्याला कुर्ल्याच्या पिवळ्या आणि गुजरातेतल्या ध्रांगध्राच्या पांढऱ्या दगडाची जोड. वहिनी, रस्त्यापलीकडं उभं राहून मुलांना तिन्ही रंग शोधायला लावा.

क-१ दादा: म्युझियमचा घुमटपण तसाच दिसतोय की, फोटो बघितला.

ब-४ काका: बरोबर ओळखलंस! ते जॉर्ज विटेटचं काम. तो बेगचा सहाय्यक, गेटवे ऑफ इंडियाही त्याचंच. त्यालाही विजापूरचीच भूल पडली होती.

अ-२ वहिनी: मग आधी पोस्ट, नंतर म्युझियम. गोलघुमटाचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, ते समोर धरून बघायला सांगते.

ड-३ आजी: कार्ड घेऊन तिथूनच मला पाठवू देत. मराठीत लिहायला सांग.