डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटच्या घरच्यांनी अशाच घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असावं का?

मंगळवार पेठेतली सून:
माझं मत, असावंच. सासूबाईंना अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार आहे, दिवेलागण झाली की 'मला घरी सोडा' म्हणत पिशवी भरायला घेतात, पिशवीत काय तर उशीचा अभ्रा आणि टीव्हीचा रिमोट! नणंद फोनवर म्हणते आई तर माझ्याशी छान बोलली. ग्रुपवर एका ताईंनी सांगितलं, हेच तुमचं घर म्हणून वाद घालू नका, रंकाळ्यापर्यंत फिरवून आणा आणि दारात आल्यावर 'आलं बघा घर' म्हणा. बऱ्याचदा चालतं हे. डॉक्टरांकडं एवढी गर्दी, हे कोण सांगत बसणार?

राजारामपुरीकर:
ताई, राग मानू नका पण मला अजिबात पटत नाही. आमच्या ग्रुपवर एकानं विचारलं, बाबा रात्रभर झोपत नाहीत, क्वेटियापिन (मानसिक आजारावरची गोळी) किती द्यायची, आणि लगेच तिघं डोस लिहून मोकळे. अहो, या जातीच्या औषधांनी डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००५ सालीच दिलाय. माझे वडील दोन दिवसांत एकदम बरळायला लागले तर सगळे म्हणे आजार वाढला, असंच असतंय. लघवी तपासली तर इन्फेक्शन निघालं, औषधानं बरंच उतरलं.

मंगळवार पेठेतली सून:
दादा, आमच्यात उलट झालं की ओ! अचानक बिघडलं तर आधी लघवी तपासा, पोट साफ होतंय का बघा, हे मला ग्रुपवरच कळलं.

शाहूपुरीची लेक:
आणि व्हिडिओंचं काय? एकानं वडिलांचा अंगावर धड कपडे नसलेला व्हिडिओ टाकला, 'बघा कसं करतात'. फेट्याशिवाय उंबरा न ओलांडलेला माणूस तो, त्याला कुणी विचारलं का? मी त्याच दिवशी बाहेर पडले. मला सल्ला नकोच आहे, आईजवळ दोन तास बसणारं माणूस पाहिजे. भाऊ आमचा घरच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकतो, रविवारी घरी मात्र येत नाही. फारच असह्य झालं तर मी टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करते, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलतात.

राजारामपुरीकर:
हे लई बरोबर बोललात.

मंगळवार पेठेतली सून:
व्हिडिओचं आणि डोसचं मान्य, दोन्ही बंद करा म्हणून ॲडमिनना आजच लिहिते. पण ग्रुप सोडणार नाही. पहाटे तीनला सासूबाई कडी वाजवत असतात तेव्हा 'मी पण जागी आहे' म्हणणारं तिथंच कुणीतरी भेटतं, घरात सगळे झोपलेले असतात.