मोबाईलऐवजी हाताला काय काम देऊ? (नागपूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर असतो, त्याची तक्रार नाही, पोट त्यावरच आहे. प्रश्न रात्री नवानंतरचा. ओटा पुसून झाला की मी कूलरसमोर पलंगावर अन् हातात मोबाईल. अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ बघता बघता साडेअकरा वाजतात. काय पाहिलं विचाराल तर एक धड आठवत नाही.

ज्याला विचारावं तो म्हणतो, फिरायला जात जा. जानेवारीत फुटाळा तलावावर जाईन की! पण आता मे आहे. दुपारी ४५ अंश, रात्रीही भिंती तापलेल्या. कोण बाहेर पडतं बाप्पा! वाचनाचं म्हणाल तर दोन पानं झाली की हात उशाखालच्या मोबाईलकडे जातो. क्रोशा मात्र जमला, कारण सुई-दोरा हातात असला की मोबाईल उचलताच येत नाही. पण रुमाल किती करणार? टीव्हीसुद्धा आता भिंतीवर गेला, त्यावर टाकायचीही सोय राहिली नाही.

म्हणजे दोन्ही हात अडकवणारं काहीतरी हवं. म्हणून बाबांची पेटी (हार्मोनियम) माळ्यावरून उतरवली. वाजते, पण भाता लगेच रिकामा होतो अन् एक पट्टी दाबली की वरच येत नाही. लहानपणी थोडं गाणं शिकले होते, पेटी नाही. वय ४६.

दुरुस्तीला द्यावी का? या वयात कोणी शिकवतं का? एका क्लासात विचारलं तर "मुलीसाठी का?" म्हणाले. माझ्यासाठी म्हटल्यावर बाईंनी वहीच मिटली. ऑनलाइन क्लास कृपया सुचवू नका, परत स्क्रीनच ती.

पेटीवाला
ताई, नवी घेऊ नका, आधी ही तपासा. सगळे स्टॉपर, म्हणजे पुढच्या ओढायच्या खुंट्या, आत ढकलून भाता भरा. तरीही लवकर बसला तर गळती भात्याच्या घड्यांत किंवा आतल्या कप्प्यात आहे. नाही बसला आणि स्टॉपर ओढल्यावर हवा पळाली, तर पट्ट्यांखालच्या झडपा नीट बसत नाहीत. अडकलेली पट्टी बहुतेक स्प्रिंगची किंवा साचलेल्या धुळीची, काम किरकोळ. अन् मुख्य म्हणजे पेटी कूलरच्या झोतात ठेवू नका. ओलसर हवेनं लाकूड फुगतं, स्प्रिंगा गंजतात.
सुरुवात काळी चार किंवा पाच, म्हणजे चौथी किंवा पाचवी काळी पट्टी 'सा' धरून करा, बायकांच्या गळ्याला बहुधा तोच सूर सोयीचा पडतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक (संगीताच्या पहिल्या) परीक्षेची तयारी करून घेणारे शिक्षक शोधा, त्यांच्याकडे मोठी माणसंही येतात.

पहाटपाखरू
पेटी ठीकच, पण रविवारी पहाटे साडेपाचला गोरेवाडा तलावावर पक्षी बघायला या. दोन्ही हातांत दुर्बीण असते, ताई :) हिवाळ्यात तर बदकंही येतात.

मूळ प्रश्नकर्ती
पेटीवाले दादा, स्टॉपर बंद करून पाहिलं, तरी भाता बसतो. उजव्या कोपऱ्यातल्या घडीचं कातडं उकललं आहे, बोट जाईल एवढं. हे घरी फेव्हिकॉलनं चिकटवलं तर चालेल का, की बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) कोणाकडे द्यावी? आणि रात्री दहानंतर वाजवली तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतील, आवाज कमी करायची काही युक्ती आहे का?