जुनं घर दुरुस्त करताना काय राखलं, काय सोडलं? तुमचे अनुभव लिहा

राजापूरकडचं आमचं चिरेबंदी घर शिमगा झाला की दुरुस्तीला काढायचंय. पडवी, ओटी, माजघर सगळं उभं आहे, पण आढ्याला, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला, वाळवी लागलीय आणि चुलतभाऊ म्हणतात, 'पाडू आणि स्लॅब टाकू.' झोपाळा टांगून 'वाडा लूक' कसा आणावा हे नकोय. जुनं घर राखून त्यात खरंच राहणाऱ्यांनी लिहा.

दापोलीकर
निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमचं अर्धं छप्पर गेलं. गावात बऱ्याच जणांनी पत्रे घातले. त्यांना नावं ठेवत नाही, पाऊस दारात उभा होता. आम्ही मात्र वासे ठेवले. ओल आणि वाळवी धरते ती बहुतेक भिंतीवर टेकणाऱ्या टोकाला, म्हणून सुताराने कुजकं टोक कापून तिथे नवं लाकूड सांध्यात बसवलं. नव्या कौलांचं माप जुन्या मंगलोरी कौलांशी जुळेना. मग चांगली जुनी सगळी पुढच्या पाख्यावर, नवी मागे. वळचणीच्या आणि कडेच्या ओळी रिपांना तारेने बांधून घ्या, वारा तिथूनच शिरतो.

गिलावा
इंजिनिअर आहे, म्हणून एकच विषय. जांभा, म्हणजे आपला चिरा, पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुनाच वापरा. कळीचा चुना भिजवून मुरू द्यावा लागतो, त्यामुळे गवंडी 'सिमेंट मारू ना साहेब' म्हणत राहणार. ऐकू नका. चिरा चांगला असेल तिथे गिलावाही नको, नुसत्या दरजा चुन्याने भरा.

औसेकर
सगळे कोकणातलेच दिसता. आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आई माळवदाखाली झोपायला तयार नव्हती, आणि तिचं काय चूक होतं? किल्लारीत माणसं गेली ती जड छपराखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. माळवद गळलं की वर आणखी पांढरी माती, असं पिढ्यानपिढ्या चालतं आणि छताचं वजन वाढत जातं. आम्ही जास्तीची माती उतरवली, खांब आणि तुळयांना तिरपे आधार दिले, भिंतीचे दोन्ही थर बांधणारे आरपार दगड घातले. खण, किलचन (तुळयांवरच्या लाकडी पट्ट्या), कोनाडे सगळं तसंच आहे. मूळ रूप राखायचं म्हणजे मूळ वजनही राखायचं, असं कुणी सांगितलंय?

मागील दार
पुरुष मंडळींना शेणाची जमीन फार प्रिय. सारवणार कोण, हे विचारलं की गप्प! आमच्याकडे ओटी आणि माजघरात लाल कोबा केला, स्वयंपाकघरात शहाबादी. खळं (पुढचं अंगण) तेवढं सारवतो, तेही सगळे मिळून. संडास-न्हाणी मूळ भिंतीला न चिकटवता मागे वेगळी बांधली आणि मधल्या वाटेवर कौलं घातली. नळ गळला तरी चिऱ्यात ओल जात नाही, आणि सासूबाईंना रात्री पावसात भिजावं लागत नाही. विजेच्या तारा भिंत न खणता लाकडी पट्टीतून नेल्या. माजघरात अंधार होता, पण खिडकी फोडली नाही. दोन-चार काचेची कौलं घातली, वाचण्यापुरता उजेड येतो.

न्यू जर्सीहून
आधी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घर कुणाच्या नावावर नोंदलंय तो उतारा, काढून बघा. आमचं घर अजून आजोबांच्याच नावावर निघालं, खाली हिस्सेदारांची ही रांग. सुतार कामावर आल्यावर एका आतेभावाने हरकत घेतली आणि तो उन्हाळा फुकट गेला. आता सगळ्यांची लेखी संमती हाती आहे, काम पुढच्या वर्षी.

धागाकर्ता
नमुना ८ सोमवारीच काढतो. औसेकर, आमचं छप्पर कौलारू, तरी आरपार दगडांचं भिंतीत बघून घेईन. दापोलीकर, वाश्यांचं समजलं, पण आमचं आढं मधोमध पोकळ वाजतंय. तेवढाच तुकडा बदलता येतो का, की अख्खं आढं उतरवावं लागेल? आणि राजापूर-लांजा भागात चुन्याचं काम येणारा गवंडी माहीत असेल तर कळवा.