गोठ्यातली १९८६ ची बुलेट ३५०: चाळीस हजारांत कुठवर जाता येईल?

कारंजेकर
नमस्कार मंडळी. आजोबांच्या नावावरची स्टँडर्ड ३५०, १९८६ चं मॉडेल, कारंजा लाड तालुक्यात शेतातल्या गोठ्यात सातआठ पावसाळे उभी आहे. किक खाली जातच नाही. टाकीच्या तळाला गंज आणि चिकट काळा थर. वायरिंग उंदरांनी कुरतडलं, सहा व्होल्टची बॅटरी गायब. क्लच दाबला तरी गाडी गिअरमधून मोकळी होत नाही. आरसी बुक आहे, अकोल्याचं. आजोबा आता नाहीत.

सोयाबीन विकून चाळीस हजार बाजूला काढले आहेत. स्क्रॅम्बलर करायची इच्छा आहे: उंच सायलेन्सर, जाड टायर, मागचं मडगार्ड कापून छोटी सीट, मॅट काळा रंग. गावातले म्हणतात ट्रॅक्टरला दोर बांधून ओढली की इंजिन सुटते. ओढू का? आणि सुरुवात कुठून करू?

थाऊमास्तर
भाऊ, ट्रॅक्टर लांब ठेवा. बोअर, म्हणजे सिलिंडर, बिडाचा आहे, पिस्टनच्या रिंगा त्याला गंजून धरल्या असतील. ओढताना रिंग तुटते, तुकडा बोअरवर खोल चर पाडतो, आणि जो बोअर अर्ध्या मिलिमीटरच्या ओव्हरसाइजमध्ये साफ झाला असता तो स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, मागतो. किकवर उभं राहून उड्याही मारू नका, रॅचेटचे दात जातात.

प्लग काढा. डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगचं लाल ऑइल अर्धंअर्धं मिसळून ५० मिली आत सोडा, दोनतीन दिवस राहू द्या, मधे एकदा पुन्हा थोडं टाका. मग गाडी मधल्या स्टँडवर, चौथा गिअर, मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. चौथ्यात चाकाला जोर कमी लागतो आणि झटका बसत नाही. तुमचा क्लच चिकटलेला आहे ते इथे फायद्याचंच, घसरणार नाही.

सुटलं की लगेच चालू करायचा मोह होतो. करू नका. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात आणि बोअरवर जिथे पिस्टन थांबला होता तिथे गंजाचं कडं असतं. हेड आणि बोअर उतरवाच. उतरवताना दोन गोष्टी सांभाळा. रॉकरच्या बेअरिंगचे वरचे-खालचे अर्धे जोडीने घासलेले असतात, त्यांची अदलाबदल झाली की रॉकर जाम होतो. पुशरॉड कोणता इनलेटचा, कोणता एक्झॉस्टचा, त्यावर चिठ्ठी बांधा.

बोअर वर, मधे, खाली, आणि दोन्ही दिशांनी मोजून घ्या. मूळ बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९०. झीज ०.२ मिमीच्या आसपास गेली असेल तर बोअरिंगला पर्याय नाही. आधी पिस्टन घ्या, तो मोजा, मग त्याला बोअर करा. उलटं करू नका. लेथवाल्याला फिटिंग, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली फट, ३ ते ४ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) सांगा. ‘एकदम टाइट करून देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा: एप्रिल-मेच्या ४५ डिग्रीत बिडाच्या बोअरमधला टाइट पिस्टन दहा किलोमीटरवर धरतो. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तोंडातली फट बघा, ०.४ मिमीच्या आसपास हवी.

व्हॉल्व लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व त्याच्या सीटवर घासून बसवणं, घरीही होतं. झाल्यावर हेड उलटं करून पोर्टात रॉकेल किंवा पेट्रोल ओता. दोनतीन मिनिटांत सीटवरून ओल दिसली तर पुन्हा घासा. गाइडमध्ये व्हॉल्व डुगडुगत असेल तर गाइड बदला, नाहीतर ॲक्सिलेटर सोडला की निळा धूर येईल आणि तुम्ही उगाच नव्या रिंगांना शिव्या द्याल.

क्लचसाठी प्रायमरीचं (इंजिनातून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं) डावं कव्हर काढा, मधल्या एकाच नटवर बसतं. प्लेटा सुट्या करा, लोखंडी प्लेटा बारीक पॉलिश पेपरने घासून काचेवर ठेवून सपाट आहेत का बघा. वाकलेली फेका. बंद करताना त्यात ४२० मिली ऑइल, जास्त नको.

शीक नंबर ३०
इंजिनाआधी कागद बघा. नाहीतर चाळीस हजार टाकून गाडी शेताच्या धुऱ्यापर्यंतच चालवायची.

तुमचा वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. तुमच्या गाडीची मूळ नोंद अकोल्याच्या जुन्या रजिस्टरमध्ये आहे. ती ‘वाहन’ संगणक प्रणालीत चढलीच नसेल तर आधी अकोल्याला बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवणं, करून घ्या. तोपर्यंत विमा, पीयूसी, नवी नंबर प्लेट सगळं अडून राहतं. आरसी बुकाची प्रत, इंजिन नंबर आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा सोबत न्या.

मालक हयात नसल्याने फॉर्म ३१ लागेल. मृत्यू दाखला, वारसांची संमती, सगळ्या भावंडांच्या सह्या. ही सही एकदा वेळेत घ्या, गाडी चमकल्यावर नवे वारस निघतात. मग थर्ड पार्टी विमा, फॉर्म २५ ने नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं आणि गाडी तपासणीला हजर करावी लागते: ब्रेक, हेडलाइट, हॉर्न, टेललाइट चालू हवेत. म्हणजे कागद सुरुवातीला काढायला घ्यायचे, पण तपासणी गाडी उभी झाल्यावर. २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवायची आहे, तो खर्च धरून ठेवा.

आता तुमच्या स्क्रॅम्बलरबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. चेसिस कापणं तर नाहीच. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्या. कोणी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवा असं सुचवलं तर ऐकू नका: त्या नियमात गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मोठे बदल न केलेली लागते, रोजच्या वापराला परवानगी नसते, आणि नोंदणीचं शुल्कच २०,००० आहे. तुमची गाडी तिथे २०३६ नंतर पोचेल, तीही न कापता ठेवली तर.

आणि पावडर कोटिंगला फ्रेम द्यायच्या आधी चेसिस नंबरावर उष्णता सहन करणारी टेप लावायला सांगा. सँडब्लास्टमध्ये नंबर पुसट झाला किंवा जाड थराखाली गेला की तपासणी अधिकारी गाडी परत पाठवतो, आणि नंबरावर खाडाखोड दिसली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाते.

काळी माती
स्क्रॅम्बलरचे फोटो कोरड्या जागेतले असतात राजेहो. आपल्याकडे जुलैत पांदणीवर काळी माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये दाबून बसते आणि चाक फिरायचं बंद होतं. म्हणून टायर आणि मडगार्डमध्ये निदान दीड-दोन इंच जागा ठेवा. मूळ टायर ३.२५-१९. मागे ३.५०-१९ त्याच रिमवर चालतो. ४.०० घातला तर मडगार्डच्या पट्ट्या आणि चेनकव्हर दोन्हीकडे अंगाशी येतं, वर मातीला जागाच उरत नाही. खोल नक्षीचा ३.५० बास.

पुढचं मडगार्ड काढून टाकू नका, उंच करा. त्याच्या पट्ट्या पुढच्या दोन्ही पायांना एकत्र बांधून ठेवतात; काढल्या की ब्रेक दाबताना पुढचा भाग पीळ घेतो.

उंच सायलेन्सर या गाडीवर वाया आहे. तुमच्या मॉडेलला किक उजवीकडे, गिअर उजवीकडे आणि सायलेन्सरही उजवीकडे. पाइप वर घेतला की किक मारताना पिंडरी भाजते. पाइप मूळ जागीच ठेवा, हवं तर काळा उष्णतारोधक रंग मारा. पोकळ सायलेन्सर लावला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो, आणि चलान वेगळं.

सीट मात्र बिनधास्त बदला. मूळ सीटच्याच नटबोल्टवर बसेल असा पत्र्याचा तळ वेल्डरकडून करून घ्या, तालुक्याच्या रेक्झिनवाल्याकडून ७० मिमी घट्ट फोम. आरसीवर दोन जणांची गाडी आहे, तेव्हा सीट दोघांची ठेवा. मागचं मडगार्ड कापू नका. मूळचं गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि जुन्या बाजारातून दुसरं घेऊन त्यावर हौस भागवा. फ्रेमला एकही नवा वेल्ड नको. असं केलं तर तपासणीला जाताना अर्ध्या दिवसात गाडी मूळ रूपात येते.

मॅट काळ्याबद्दल एक. साध्या स्प्रे डब्याचा रंग पेट्रोल सांडलं की विरघळतो. टाकीला हार्डनरवाला रंग आणि वरून हार्डनरवालाच मॅट क्लिअर. फ्रेमला पावडर कोटिंग परवडत नसेल तर गंज घासून, प्रायमर आणि ब्रशने ऑइलपेंट, कोणी बघत नाही.

थाऊमास्तर
टाकीचं राहिलं. हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतायचा सल्ला मिळेल, ते सांध्यात शिरतं आणि धुतल्यावर तासाभरात पुन्हा पिवळा गंज चढतो. काळा थर आधी थिनरने सोडवा. मग लिंबूसत्त्व, लिटरला १०० ग्रॅम, कोमट पाण्यात. टाकी गच्च भरायची, म्हणजे १४ लिटरच्या पुढे, दीड किलो लागेल. अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर गंज राहतो. एक दिवस ठेवा, ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवा, लगेच उन्हात वाळवा आणि थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवा. गळतीला झाळ लावायची असेल तर वास पूर्ण गेल्याशिवाय टाकी वेल्डरला देऊ नका, आतल्या वाफेने टाकी फुटते.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी, नळाचे वॉशर फुगतात, कार्बोरेटरची फ्लोट सुई चिकटते. तिन्ही नवे घ्या. पेरणीच्या दिवसांत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. जेट साफ करताना तार घालू नका, भोक मोठं होतं. नायलॉनच्या ब्रशचा एक केस पुरतो.

डायनामोवाला
वायरिंग जोडत बसू नका, पूर्ण नवा हार्नेस टाका. वाद ६ व्होल्ट की १२ व्होल्ट याचा. सहाचे बल्ब आणि बॅटरी तालुक्याला मिळत नाहीत, पण बाराला जायचं तर अल्टरनेटरचा स्टेटर, रोटर, रेग्युलेटर, कॉइल, हॉर्न, सगळे बल्ब बदलावे लागतात. रात्री गाडी न्यायची असेल तर हा खर्च करा, रोही आणि रानडुक्कर सहा व्होल्टच्या उजेडात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दिवसाच चालवणार असाल तर सहाच ठेवा आणि अर्थिंग नीट करा: इंजिन, फ्रेम आणि बॅटरी यांना जोडणारी जाड वायर, नटाखालचा रंग खरवडून.

थाऊमास्तर
असहमत. चाळीसमध्ये बारा व्होल्ट बसत नाही. अठरा-वीस इंजिन आणि क्लचला, सहासात टायर-ट्यूब, ब्रेकशू आणि बेअरिंगला, चारपाच वायरिंगला, कागदांना चारपाच, उरलेलं रंग-सीटला. बारा व्होल्ट पुढच्या पिकावर.

कारंजेकर
खूप आभार. चौथ्या गिअरमध्ये चाक हलवून इंजिन सुटलं, बोअरही उतरवला. गंजाचं कडं आहे, बोअरिंगला देतो. कनेक्टिंग रॉड वर-खाली धरून हलवला तर किंचित फरक जाणवतो, बाजूला बराच सरकतो. क्रँक उघडावा लागेल का? आणि जोडल्यावर पहिल्यांदा चालू करताना काय बघायचं?

थाऊमास्तर
बाजूला सरकणं असतंच. वर-खाली किंचित जाणवलं तरी घाबरू नका, या इंजिनात फ्लोटिंग बुश आहे, त्याला ऑइलची फट लागते. ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला तर मात्र क्रँक खोला. हा बुश ऑइलवरच जगतो, म्हणून दोन्ही ड्रेन प्लग उघडून जुनं ऑइल आणि गाळ काढा, टायमिंग कव्हरमधला फिल्टर बदला आणि त्याची टोपी बंद करायच्या आधी आत ऑइल भरा. २०-डब्ल्यू-५० साधं मिनरल, सुमारे दोन लिटर, गजावर बघून.

टॅपेट (व्हॉल्वची फट) थंड इंजिनवर लावा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला: पुशरॉड बोटांनी फिरायला हवा, पण वर-खाली हलायला नको. डीकॉम्प्रेसरची (किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या लिव्हरची) केबल थोडी सैल ठेवा. इग्निशनच्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग पिस्टन टोकाच्या ०.८ मिमी आधी असताना पॉइंट उघडायला लागावा, ॲडव्हान्स युनिट (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारा भाग) मिटलेल्या अवस्थेत. त्याच्या स्प्रिंगा ताणलेल्या किंवा गंजून अडकलेल्या असतील तर किक उलटी मारेल, घोटा जातो.

पहिली किक प्लग काढून, डीकॉम्प्रेसर दाबून. हेडकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बॅंजो बोल्ट (पाइपचं टोक धरणारा पोकळ बोल्ट) थोडा सैल करा आणि तिथे ऑइल येईपर्यंत किक मारत राहा. येत नसेल तर प्लग लावूच नका, पंप उघडा. आलं की बोल्ट कसा, प्लग लावा, इग्निशन चालू, हेडलाइट बंद. किक हळू दाबत ॲमीटर बघा: काटा मधे आला म्हणजे पॉइंट उघडले. तिथून डीकॉम्प्रेसर दाबून जरा पुढे सरकवा, सोडा, मग पूर्ण किक.

दोन मिनिटांनी बंद करून ऑइल पुन्हा गजावर बघा, खाली गेलेलं असेल, भरा. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा कसा आणि टॅपेट पुन्हा बघा. पाचशे किलोमीटरपर्यंत पन्नासच्या वर नेऊ नका, मग ऑइल बदला. गिअरबॉक्समध्ये नुसतं ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं तर चेनच्या बाजूने झिरपतं, त्यात पातळ ग्रीस मिसळा.

शीक नंबर ३०
कारंजेकर, बॅकलॉगचा अर्ज बोअरिंगच्याच आठवड्यात टाका. बोअरिंगवाला चार दिवसांत देतो, रजिस्टर शोधायला त्याहून जास्त लागतात.