‘ऑटोइम्यून’ला मराठीत काय म्हणायचं?

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे, हे गेल्या पावसाळ्यात कळलं. त्याआधी वर्षभर सकाळी बोटं आखडायची, केस गळायचे, बारीक ताप असायचा. लोकलची दगदग म्हणून आम्ही सोडून दिलं. शेवटी परळला दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, ‘‘ऑटोइम्यून आहे.’’ आईने विचारलं, म्हणजे काय गं? मी सांगून टाकलं, ‘प्रतिकारशक्तीचा आजार.’ दुसऱ्या दिवसापासून घरात गुळवेलीचा काढा सुरू झाला, शेजारच्या काकू च्यवनप्राशचा डबा देऊन गेल्या. शक्ती कमी पडली असंच सगळ्यांना वाटलं. पेपरात ‘स्वयंप्रतिकार’ आणि ‘स्वप्रतिरक्षित’ वाचलेत. आईला कळेल असा शब्द हवा आहे.

प्रतिसाद १
‘स्वप्रतिरक्षित’ नकोच. सुरक्षित, आरक्षित यांच्या पंगतीत बसतो तो. ऐकणाऱ्याला वाटेल, काहीतरी चांगलंच आहे. ‘स्वयंप्रतिकार’मध्येही घोटाळा आहे. स्वयंचलित, स्वयंस्फूर्त यांतला ‘स्वयं’ म्हणजे आपण होऊन. इथे अर्थ हवा ‘स्वतःविरुद्ध’. लिहिताना ‘स्वविरोधी प्रतिकार’ चालेल. घरात मात्र सरळ सांगा, कुंपणच शेत खातंय.

प्रतिसाद २
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. ही म्हण चटकन कळते, पण तिच्यात बेइमानी आहे. पेशी बेइमान नसतात, त्यांची ओळखण्यात चूक होते. आपल्याकडे ‘आपपरभाव’ हा किती नेमका शब्द आहे! एरवी तो आपण दोष म्हणून वापरतो, शरीराला मात्र तो लागतोच. ल्युपसमध्ये तोच बिघडतो आणि आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात. ही प्रतिपिंडं शोधणाऱ्या एएनए तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकं हिरवी उजळलेली दिसतात, ती यामुळेच.

आणखी एक शब्द जपून वापरा, ‘पॉझिटिव्ह’. कोविडपासून पॉझिटिव्ह म्हणजे रोग झालाच, असं डोक्यात बसलंय. एएनए कित्येक निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते. ल्युपसच्या 2019च्या आंतरराष्ट्रीय निकषांत 1:80 (म्हणजे रक्ताचा नमुना 80 पट पातळ करूनही पॉझिटिव्ह) किंवा त्याहून जास्त एएनए हा फक्त उंबरठा आहे. पुढे सांधे, त्वचा, रक्तपेशी, लघवीतली प्रथिनं, डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं (डीएस-डीएनए), सी3-सी4 ही रक्तातली प्रथिनं यांचे गुण मांडतात आणि ते किमान 10 भरावे लागतात. तेही संशोधनासाठी केलेलं वर्गीकरण. निदान डॉक्टर रुग्णाला समोर बसवूनच करतात. रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या मुली मी काउंटरवर पाहिल्यात, म्हणून एवढं लिहिलं.

काढा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. 2021मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती.

प्रतिसाद ३
‘ल्युपस’ म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे दिसतात म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिलं. नाकावरून दोन्ही गालांवर पसरणाऱ्या लालीला आज फुलपाखरू म्हणतात. मुलीला सांगताना मी या दोहोंतला दुसरा शब्द निवडेन.

मूळ प्रश्नकर्ती
काल रात्री आईला सांगितलं, ‘‘तिची शक्ती कमी पडलेली नाही. आपलं कोण, परकं कोण, हे तिच्या रक्ताला कळेनासं झालंय.’’

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘शेवटी शेवटी आजी मलाच चोर समजून मारायला धावायची, तसं?’’

मी म्हटलं, ‘‘हो, तसंच.’’

तिने गॅसवरचं काढ्याचं पातेलं उतरवलं आणि मोरीत ओतलं.