तीस बाथ म्हणजे विमा नव्हे, कितीदा सांगायचं?

तिरफळ (धागाकर्ता)

शेजारच्या धाग्यावर 'अर्थवाही' यांनी ठोकून दिलंय की थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स या तिघांनी विमा आणला आणि आरोग्याचा प्रश्न मिटवला. सरकारने दवाखाने चालवायच्या भानगडीत पडू नये, हप्ते गोळा करावेत, बिलं भरावीत, संपलं. त्यावर +१ ची रांग लागलीय, म्हणून हा वेगळा धागा.

थायलंडमध्ये चारातले तीन लोक ज्या योजनेत आहेत तिच्यात हप्ता नाहीच. एक बाथसुद्धा नाही. पैसा करातून येतो. ३० बाथ (बाथ म्हणजे तिथलं चलन) ही दर भेटीला खिडकीवर भरायची फी, तिच्यावरूनच योजनेला 'तीस बाथ' म्हणतात. ती २००६च्या अखेरीस रद्द झाली आणि २०१२मध्ये नावापुरती परत आली. हप्त्याचा प्रयोग त्यांनी आधीच करून पाहिला होता. १९९०च्या दशकात कुटुंबाने ५०० बाथ भरायचे, तेवढेच सरकार घालणार, असं ऐच्छिक कार्ड होतं. घरात ऑपरेशन निघालं किंवा बाळंतपण आलं की लोक कार्ड काढायचे, धडधाकट घरं तिकडे फिरकायचीच नाहीत. कसला गल्ला जमणार?

ग्रामीण भागात डॉक्टरकी केलेल्या डॉ. सांगुआन नित्यारुम्पोंग यांनी मग हप्त्याचा नादच सोडला. एप्रिल २००१मध्ये ६ प्रांतांत तीस बाथ योजनेची सुरुवात झाली आणि वर्षभरात सगळा देश आत आला. सरकारकडून रुग्णालयांना नोंदलेल्या माणसामागे वर्षाला १,२०२ बाथ. सुरुवातीला पगारही याच डोईवारी रकमेत धरले होते. त्यामुळे माणसं जास्त आणि डॉक्टर कमी अशा ईशान्येकडच्या इसानला पैसा गेला, आणि डॉक्टरांनी भरलेल्या मध्य थायलंडच्या रुग्णालयांना पगाराची पंचाईत झाली. ओरड झाली. मग पगार आधी वजा करून उरलेलं वाटायचं ठरलं, आणि सुधारणेची निम्मी धार तिथेच बोथट झाली.

हे सगळं चाललं, कारण तालुक्यातालुक्यात रुग्णालय आधीच उभं होतं. १९८०च्या दशकात मोठ्या शहरांतली नवी बांधकामं काही वर्षं रोखून तो पैसा त्यांनी तिकडे वळवला होता. ज्यांना विमा-विमा करायचंय त्यांनी हे वीस वर्षांचं बांधकाम कुठल्या पॉलिसीत बसतं ते सांगावं.

अर्थवाही

माझ्यासाठी अख्खा धागा! भरून पावलो.

'दवाखाने विसरा' असं मी म्हटलेलं नाही, पण असो. करातून पैसा आणा म्हणणं सोपं आहे. इंडोनेशियाचा कर-महसूल जीडीपीच्या १० टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. हजारो बेटं, कामगार बहुतेक असंघटित. अशा देशाने १ जानेवारी २०१४ला जेकेएन (राष्ट्रीय आरोग्य विमा) सुरू करून दहा वर्षांत जवळपास सगळी लोकसंख्या नोंदवली. पगारदारांकडून ५ टक्के, त्यातले ४ मालकाचे. साडेनऊ कोटींहून जास्त गरिबांचा हप्ता सरकार भरतं. पगारातून येणारा हा पैसा नसता तर कमी कर-महसुलाचा खड्डा कशाने भरला असता?

आणि तुमच्या लाडक्या थायलंडचं अंगण वाकडंच आहे. भरती रुग्णांचा वर्षाचा गल्ला आधीच ठरवून बंद केलेला असतो. केस जितकी अवघड तितके पॉइंट, आणि पॉइंटवर रुग्णालयाला पैसे; केसेस वाढल्या की पॉइंटचा भाव पडतो. ८,३५० बाथचा भाव २०२४मध्ये वर्षअखेरीला ७,०००वर आणला. म्हणजे रुग्ण तपासला, औषध दिलं, बिल पाठवलं, आणि मग कळतंय की दर कमी झालाय. सरकारी रुग्णालयं तोट्यात आहेत ती काय विम्यामुळे?

तिरफळ

गल्ला बंद असतो म्हणूनच खर्च आटोक्यात राहतो, साहेब. प्रत्येक उपचारामागे वेगळी फी देत बिलं भरा आणि मग गंमत बघा. पण शेवटच्या तिमाहीत भाव पाडणं चूक, हे मान्य. ही चूक अंदाजपत्रकाची, कराची नव्हे.

आता तुमची इंडोनेशियातली 'जवळपास सगळी लोकसंख्या'. त्यात नोंद असूनही कार्ड बंद पडलेले किती कोटी, ते का सांगत नाही? अडकतात ते मधले. रिक्षावाला, भाजीवाली, गवंडी. गरिबांच्या यादीत नाव नाही आणि मालक कुणी नाही. तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त वर्गाचा हप्ता माणशी महिना ३५,००० रुपिया, पण भरायचा कुटुंबपत्रकावरच्या सगळ्यांचा मिळून. चौघांचं घर वर्षभर थकलं तर १६ लाख ८० हजार. ते भरून कार्ड चालू केलं आणि ४५ दिवसांच्या आत भरती व्हावं लागलं, तर दंड वेगळा: पॅकेजच्या (त्या आजाराच्या उपचाराला ठरलेल्या रकमेच्या) ५ टक्के गुणिले थकलेले महिने, जास्तीत जास्त १२. म्हणजे ५० लाखांच्या पॅकेजवर ३० लाख दंड. तरीही लोक दुखणं आल्यावरच भरतात आणि बरं वाटलं की थांबतात, कारण रोजंदारीवर दुसरं काही परवडतच नाही.

यावर प्रयोगही झालाय. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी जवळपास ६,००० कुटुंबांवर केला. वर्षभराचा पूर्ण हप्ता माफ, वर नोंदणीला घरी येऊन मदत. तरी नोंदणी झाली ३० टक्के. फुकट देऊनही ३०!

अर्थवाही

प्रयोगाचा निम्माच भाग सांगायचा हा जुना रोग. त्याच अभ्यासात सवलत मिळालेले लोक कमी खर्चिक निघाले. दुखणं आलं की तेवढ्यापुरतं भरायचं, ही खोड त्यांच्यात कमी दिसली. सवलत संपल्यावरही नोंदणी दुप्पट राहिली, आणि माणशी खर्च वाढला नाही. म्हणजे हप्ता वाईट नाही, हप्ता सुरू करायची पद्धत वाईट आहे.

करावर विसंबणाऱ्यांनी जरा मनिलाकडे, म्हणजे फिलिपिन्सकडे पाहावं. २०२४मध्ये फिलहेल्थकडे (तिथलं सरकारी विमा महामंडळ) पडून असलेले ८९.९ अब्ज पेसो अर्थखात्याने 'जादा' ठरवून तिजोरीत मागवले. ६० अब्ज गेल्यावर सुप्रीम कोर्टाने बाकीचे थांबवले. २०२५च्या अंदाजपत्रकात सरकारी अनुदान शून्य. मंत्र्याच्या मर्जीवर चालणारी आरोग्यसेवा ती हीच.

तिरफळ

मासला छान निवडलात. ज्यांचा पैसा उचलला ते हप्ता घेणारं महामंडळच की!

अर्थवाही

उचललेली रक्कम सरकारी अनुदानातली न वापरलेली शिल्लक आहे, सभासदांच्या हप्त्यांना हात लावलेला नाही, हा अर्थखात्याचाच दावा होता. म्हणजे त्यांच्याच म्हणण्यानुसार कराचा भाग पळवला, हप्त्याचा वाचला. वाचून लिहीत जा.

कोयनाकाठ

दोघेही पैशावर भांडताय. थायलंडने डॉक्टर खेड्यात नेले कसे यावर कुणी बोलेना. १९७०च्या दशकापासून तीन वर्षं सक्तीची सेवा, नाही केली तर ४ लाख बाथ. आपल्याकडेही एमबीबीएसला एक वर्षाचं बंधपत्र आहे, दंड १० लाख. मग फरक कुठे पडतो? त्यांनी दंडाबरोबर दुर्गम भत्ता, राहायला घर आणि गावाकडच्या मुलांना गावाकडच्या जागा असं सगळं एकत्र ठेवलं. आपण नुसता दंड ठेवला. तो भरून पोरं पीजीच्या क्लासला बसतात. महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियन जिल्ह्याला पाठवतात, आणि इथे पॉइंटच्या भावावर पीएचडी चाललीय.

सुतळी

कोयनाकाठ, तुमचा बंधपत्राचा धागा वेगळा आहे, दर महिन्याला वर येतो तो.

करातून चालणाऱ्या योजनेची खरी परीक्षा महागड्या आजारात होते, म्हणून डायलिसिसचं लिहिते. २००८मध्ये थायलंडने मूत्रपिंड निकामी झालेल्यांना योजनेत घेतलं. हिशोबात ते बसत नव्हतं, आयुष्याच्या एका चांगल्या वर्षामागे किती खर्च परवडतो या कसोटीवर डायलिसिस पास होत नव्हतं. तरी घेतलं, कारण घरंदारं विकली जात होती. अट एकच: आधी पोटातलं डायलिसिस, म्हणजे नळीने पोटात द्रव भरून आणि काढून घरीच रक्त शुद्ध करायचं. मशीनवरचं हवं असेल तर खिशातून भरा. हे खऱ्या अर्थाने डोकं लावलेलं धोरण.

घडवंची

डोकं लावलेलं? गरिबाने घरातल्या कोपऱ्यात दिवसातून चार वेळा स्वतःच पिशव्या बदलायच्या आणि सरकारी बाबूने त्याच शहरात मशीनवर झोपायचं? नोकरदारांच्या दोन्ही योजनांत मशीन मिळत होतं. एकाच देशात एका आजाराला दोन न्याय. तुमच्या 'समान' योजनेचं पितळ इथे उघडं पडतं.

सुतळी

पिशव्या बदलणं म्हणजे काय हे माहीत नसताना लिहू नका. दोन लिटरची पिशवी, दिवसातून चार वेळा. मास्क, साबणाने हात, खिडकी-पंखा बंद. जोडणी केल्यावर पोटातलं आधी बाहेर, साधारण वीस मिनिटं. मग नवीन द्रवाने नळी धुऊन घ्यायची, तो धुतलेला द्रव निचऱ्याच्या पिशवीत सोडायचा, आणि त्यानंतरच पोटात भरायचं. हा क्रम चुकला किंवा जोडताना टोकाला बोट लागलं की जंतू थेट पोटात. निचरा गढूळ दिसला की पिशवी फेकायची नाही, तीच घेऊन रुग्णालयात जायचं. दोन आठवड्यांत शिकता येतं.

मशीनला काय लागतं तेही ऐका. एका बैठकीत मिनिटाला अर्धा लिटर, चार तास, म्हणजे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी. आरओ संयंत्र, अखंड वीज, शिकलेली नर्स, आणि आठवड्यातून तीनदा प्रवास. डोंगरातल्या प्रांतात हे कोण उभं करणार? पिशव्या मात्र टपाल खातं घरपोच करत होतं.

घडवंची

महिन्याच्या १२० पिशव्या, नुसता द्रवच २४० किलो. एका खोलीत राहणाऱ्याने त्या कुठे रचायच्या? उंदीर, ओल, उन्हात तापलेला पत्रा. नजर कमी झालेल्या मधुमेही म्हाताऱ्याने टोक कसं जोडायचं? फेब्रुवारी २०२२मध्ये निवड खुली केली तशी लोकांनी मशीनकडे धाव घेतली, हेच उत्तर.

सुतळी

धाव लोकांनी घेतली की त्यांना कुणी नेलं? मशीन लावलं की केंद्राला प्रत्येक बैठकीचे पैसे, पिशवीवर काहीच नाही. डॉक्टरला केंद्रात काम, रुग्णाला केंद्राचा दरवाजा. खर्च फुगला, पोटात नळी बसवायची शस्त्रक्रिया करणारे हात कमी पडले, आणि एप्रिल २०२५मध्ये सरकार पुन्हा 'आधी पोटातलं' वर आलं. तुम्ही ते सोयीस्कर गाळलंत.

घडवंची

परत आले ते पैसे संपले म्हणून, रुग्णाला बरं पडतं म्हणून नव्हे. गाळताय तुम्ही. जमिनीवर राहणाऱ्यांना अक्कल शिकवू नका, ताई.

संपादक

'अक्कल' काढल्यास प्रतिसाद उडेल. मुद्द्यावर या.

अर्थवाही

वा, मूळ प्रश्न बाजूला पडून मूत्रपिंड मध्यभागी आलं. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. बैठकीमागे पैसे दिले की बैठका वाढतात. इंडोनेशियात, फिलिपिन्समध्ये पॅकेजवर पैसे दिले की पॅकेज फुगतं. फिलिपिन्समध्ये मध्यम न्यूमोनियाला १५,००० पेसो आणि गंभीरला ३२,००० ठेवले होते, मग कागदावर न्यूमोनिया गंभीर व्हायला किती वेळ लागतो? कर असो वा हप्ता, रोग एकच.

तिरफळ

हे तुम्ही आज म्हणताय! तीन दिवसांपूर्वी 'बिलं भरा, संपलं' हे कोण म्हणत होतं?

रानजाई

एक बारीक प्रश्न. आपल्या महात्मा फुले योजनेत बाह्यरुग्ण औषधं का येत नाहीत?

तिरफळ

ती भरतीच्या पॅकेजवर बेतलेली आहे, आयुष्मानही तशीच. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची पट्टी, तालुक्याला जायचं भाडं, सगळं बाहेर. थायलंडच्या डोईवारी रकमेत बाह्यरुग्णाचा खर्च सुरुवातीपासूनच धरलेला होता. गोळी वेळेवर मिळाली की मूत्रपिंड उशिरा जातं, हे सुतळीताईंनी लिहायला हवं होतं.

सुतळी

लिहिणार होते, मध्ये अक्कल आली.

अर्थवाही

ठीक. थायलंड विमा नाही, हे मान्य करतो, खूश? पण १,२०२ बाथवर सुरुवात करताना तुमच्या सांगुआनसाहेबांनाही पगाराच्या भांडणात माघार घ्यावीच लागली. इंडोनेशियाला 'कर वाढवा' म्हणून सांगायला कोण जाणार, ते ठरवा आणि मला निरोप द्या.

घडवंची

सुतळीताई, पिशव्यांचं उत्तर राहिलं. एका खोलीत १२० कुठे रचायच्या?

सुतळी

भिंतीपासून चार बोटं दूर, लाकडी फळीवर, खोक्यातच, जुनी पुढे नवी मागे. तरी जागा नसेल तर महिन्याऐवजी पंधरवड्याची मागणी नोंदवायची, म्हणजे ६०. आणि नजरेचा मुद्दा बरोबर आहे तुमचा. तिथे घरातलं दुसरं माणूस शिकवावं लागतं, ते नसेल तर पोटातलं डायलिसिस लावू नये.