‘बगल देणे’ खटकतं का? (फायरवॉलचं भाषांतर)

पाणीगेट: राउटरची मदतपुस्तिका मराठीत करतोय. लिनक्समध्ये फ्लोटेबल (चालू जोडण्यांची नोंदवही) लावला की जोडणी जमल्यानंतरची पॅकेट (माहितीचे तुकडे) थेट पुढे जातात, फॉरवर्ड चेनचे, म्हणजे ये-जा तपासणाऱ्या फायरवॉलच्या यादीतले, नियम त्यांना लागतच नाहीत. मी लिहिलं, ‘पॅकेट फायरवॉलला बगल देतात.’ तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणे, बगल देतो तो लबाड!

वायरवाली: बाईंचं बरोबर आहे. सुरुवातीची पॅकेट नियमांतूनच जातात, आणि फ्लोची, म्हणजे त्या जोडणीची, नोंदही नियमच करतो. रीतसर परवानगी घेतलेल्याला लबाड कसं म्हणायचं? गोची पुढे होते. पोराचा गेम दहाला बंद व्हावा म्हणून मी नियम टाकला, पठ्ठ्या अकरापर्यंत खेळत होता. जुनी नोंद चालूच होती ना.

गेंडीगेट: सरळ ‘बायपास’ लिहा. हायवेवरचा सगळ्यांना माहीत आहे.

लहरीपुरा: बायपासने गाव टळतं, इथे पहिलं पॅकेट गावातूनच गेलंय. जुना शब्द आहे, ‘राहदारी’. वाटेचा परवाना, आणि त्यावरची जकातही. आता रहदारी म्हणजे नुसती ट्रॅफिक उरली.

पाणीगेट: मग काय छापू, ‘रहदारीची राहदारी तपासा’?

लहरीपुरा: हसा! याच बडोद्यात १९३१ साली सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढवला.

गेंडीगेट: काका, त्यातले किती शब्द आज दांडिया बाजारात ऐकू येतात?

वायरवाली: शिवाय पॅकेटची ‘जलद’ वाट सगळीकडे सारखी नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची फास्ट फॉरवर्डिंगची वाट फायरवॉलला विचारूनच जाते. पूर्वी तिथे अडायचं ते आयपीसेकचं (पॅकेट कुलूपबंद करून पाठवायची पद्धत). दोन्हींना एकच शब्द लावलात तर वाचणारा फसेल. आणि ‘हूक’ला काय लिहिलंत? पॅकेट अडवून तपासतात ती जागा.

लहरीपुरा: मांडवी! जकात घ्यायची जागा ती मांडवी. आपली बडोद्यातली इमारत नाही का, चार दरवाज्यांच्या मधोमध?

गेंडीगेट: छे, मांडवी मांडवावरून. चारी बाजूंनी मोकळी, नुसत्या कमानी. जकात मागाहून चिकटली.

लहरीपुरा: मग मुंबईच्या गोदीजवळची मांडवी? तिथे कुणाचं लग्न होतं?

पाणीगेट: अहो, माझी बगल राहिली. उद्या पान द्यायचंय.

गेंडीगेट: मांडवी नको, ‘नाका’ घ्या. गुजरातेत जकात २००७ ला गेली, रिक्षावाल्याला मात्र अजून नाकाच सांगावा लागतो.